खरेदीखतातले मौन

मराठी गद्याचा इतिहास शिकवताना आपण महानुभावांच्या चरित्रग्रंथांपासून आरंभ करतो, बखरींकडे वळतो आणि अव्वल इंग्रजीतील निबंध व कादंबरी यांपाशी येऊन स्थिरावतो. या वाटचालीत एक गद्यप्रकार हमखास मागे राहतो. तो म्हणजे घरादाराच्या विक्रीचा कागद, अर्थात खरेदीखत. वास्तविक इतका अखंड लिहिला गेलेला आणि इतक्या घरांत जपून ठेवलेला दुसरा मराठी गद्यप्रकार सापडणे कठीण. 'लिहून देणार' आणि 'लिहून घेणार' ही त्यातील दोन पात्रे. 'कारणे खरेदीखत लिहून देतो ऐसाजे' हा उपोद्घात. पूर्वेस अमुक, पश्चिमेस तमुक अशी चतुःसीमा हे स्थलवर्णन. आणि राजीखुशीने, अक्कलहुशारीने, नशापाणी न करता, कोणाच्याही दबावाखाली न येता लिहून दिल्याची ग्वाही हे जणू भरतवाक्य.

या कागदात एक वाक्य ठरलेले असते. मिळकत 'निर्वेध, निर्जोखीम व बोजारहित' आहे, असे लिहून देणारा सांगतो. गहाण नाही, वारसांचा तंटा नाही, जप्ती नाही, इतका त्याचा अर्थ. परंतु घराचा दुसरा मजला परवानगीविना चढवलेला असेल, बाजूचे सामासिक अंतर गिळून भिंत शेजाऱ्याच्या कुंपणाला टेकली असेल, किंवा मूळ भूखंडच शेतजमिनीतून बेकायदा पाडलेला असेल, तर त्याविषयी हे वाक्य काय सांगते? बहुधा काहीच नाही. बुलढाणा, चिखली, मेहकर, खामगाव, मलकापूर यांसारख्या गावांच्या वाढत्या वस्त्यांत, किंबहुना महाराष्ट्रातील कोणत्याही मध्यम आकाराच्या गावात, अशी घरे आहेत आणि ती विकलीही जातात. घेणारा पुष्कळदा रोखीचा असतो. या व्यवहारातील मौन कोठून आले आणि त्याची किंमत कोण मोजतो, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

१

दोषयुक्त वस्तूच्या विक्रीचा विचार आपल्याकडे फार जुना आहे. स्मृतिकारांनी वादविषयांची जी अठरा व्यवहारपदे मानली, त्यांत स्वामित्व नसताना केलेली विक्री आणि खरेदीनंतरचा पश्चात्ताप यांना स्वतंत्र स्थान आहे. सदोष वस्तू निर्दोष म्हणून विकणाऱ्यास किमतीच्या दुप्पट दंड याज्ञवल्क्यस्मृतीत सांगितला आहे. परंतु अधिक लक्षणीय आहे ते खरेदीदाराविषयीचे वचन. परकी वस्तू ज्याने गुपचूप, एकांतात, भलत्या वेळी किंवा फारच कमी किमतीला घेतली, त्याला ही स्मृती निष्पाप मानत नाही. ती त्याला चोराच्या पंक्तीत बसवते. म्हणजे उघडपणा हा खरेदीदाराच्या निर्दोषत्वाचा पुरावा होता. स्वस्तात आणि गुप्तपणे घेणाऱ्याने 'मला ठाऊक नव्हते' असे म्हणण्याचा अधिकार गमावलेला असे.

याच स्मृतीवर इसवी सन ११०० च्या सुमारास चालुक्यांच्या कल्याणीत विज्ञानेश्वराने 'मिताक्षरा' ही टीका लिहिली. जमीन सहा गोष्टींनी हस्तांतरित होते, असे एक जुने वचन तो तेथे विचारात घेतो: गाव, भाऊबंद, शेजारी आणि दायाद यांची अनुमती, तसेच सुवर्ण व उदक यांचे दान. त्यावरचे त्याचे विवेचन आजच्या कोणत्याही वकिलाने वाचावे असे आहे. गावाची अनुमती कशासाठी? गावाने नाही म्हटले तर विक्री निष्फळ ठरते म्हणून नव्हे, तर व्यवहार सर्वांना माहीत व्हावा म्हणून. शेजाऱ्यांची अनुमती कशासाठी? सीमेचा तंटा पुढे उद्भवू नये म्हणून. एका प्रदीर्घ परंपरेचे मर्म येथे सापडते. जमीनजुमल्याची विक्री हा दोघांतला सौदा असला, तरी तो सर्वांच्या देखत व्हावयाचा.

मराठेशाहीतील मिरासपत्रे आणि वतनविक्रीचे कागद याच जाणिवेतून लिहिलेले दिसतात. गोतसभेपुढे, पाटील, कुळकर्णी, बलुतेदार यांच्या साक्षीने व्यवहार होई. ज्याला लिहिता येत नसे तो आपल्या व्यवसायाची निशाणी करी. कुणब्याचा नांगर हे त्याचे परिचित उदाहरण. विशेष म्हणजे या कागदांत विकणारा का विकतो आहे, याची हकीकत येते. दुष्काळ पडला, सरकारदेणे थकले, भाऊ परागंदा झाला, म्हणून वतनाचा अमुक हिस्सा दिला. आजच्या खरेदीखतात ही सारी हकीकत 'कौटुंबिक गरजेसाठी' एवढ्या दोन शब्दांत आटोपते. गोतसभेचा गौरव करण्याचा येथे हेतू नाही. शिवेच्या तंट्यात महाराची साक्ष निर्णायक मानणाऱ्या गावाने त्याला गावाबाहेरच ठेवले होते, हे विसरता येत नाही. मात्र त्या व्यवस्थेत लपवाछपवी करणाऱ्याला अनेक डोळ्यांना सामोरे जावे लागे, हेही तितकेच खरे.

२

१८८२ हे वर्ष साहित्याच्या अभ्यासकांना एका कारणासाठी ठाऊक आहे. त्या वर्षी बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांचे 'स्त्रीपुरुषतुलना' प्रसिद्ध झाले. त्यांचे वडील बुलढाण्याच्या सरकारी कचेरीत कारकुनी करत. दोघांच्या हातून घडलेल्या दोषाचे खापर एकाच पक्षावर का फोडले जाते, हा त्या ग्रंथाचा मूळ सवाल. योगायोग असा की, घरविक्रीतील दोषाचा भार कोणाच्या माथी, हे ठरवणारा मालमत्ता हस्तांतरण अधिनियमही १८८२ चाच. त्याच्या ५५ व्या कलमात विक्रेत्याचे कर्तव्य सांगितले आहे. मिळकतीत किंवा तिच्या मालकीहक्कात जो महत्त्वाचा दोष विक्रेत्यास ठाऊक आहे, खरेदीदारास ठाऊक नाही आणि सर्वसाधारण काळजी घेऊनही त्याच्या ध्यानात येण्यासारखा नाही, तो विक्रेत्याने सांगितलाच पाहिजे. न सांगणे ही फसवणूक होय.

हे कलम पहिल्या वाचनी खरेदीदाराचे कवच वाटते. दुसऱ्या वाचनी त्यातील फट दिसते. परवानगी आहे की नाही, हे नगरपालिकेत चौकशी करून कळू शकते. मग तो दोष 'सर्वसाधारण काळजी घेऊनही न कळणारा' कसा, असा युक्तिवाद विक्रेत्याला उपलब्ध राहतो. शिवाय उभयपक्षी वेगळा करार नसेल तरच हे कर्तव्य लागू होते. 'मिळकत आहे त्या स्थितीत पाहून, पसंत करून घेतली' हे वाक्य आपल्या खरेदीखतांत एवढ्या आवडीने का लिहिले जाते, याचा उलगडा येथे होतो.

वऱ्हाडची स्थिती त्या काळी चमत्कारिक होती. १८५३ च्या तहाने हा मुलूख इंग्रजांच्या कारभाराखाली आला. नावाने मात्र तो निजामाचाच राहिला. त्यामुळे ब्रिटिश हिंदुस्थानचे कायदे येथे आपोआप लागू होत नसत. त्यासाठी वेगळे आदेश काढावे लागत. जमीनमोजणी झाली ती मुंबई इलाख्याच्या रयतवारी पद्धतीने, आणि भोगवटादाराला जमीन विकण्याची मोकळीक मिळाली. १८६१ ते १८६५ च्या अमेरिकन यादवीने कापसाचे भाव चढले, रेल्वे आली, १८७० मध्ये जलंबहून खामगावला फाटा निघाला. रोकड आणि कागद या दोन्ही वस्तू एकाच पिढीत गावोगाव पोहोचल्या. गोताच्या जागी कचेरी आली, निशाणीच्या जागी मुद्रांक आला. १९०८ च्या नोंदणी अधिनियमाने शंभर रुपये वा त्याहून अधिक किमतीच्या स्थावराचे हस्तांतरण नोंदवणे बंधनकारक राहिले. नोंदणीची सूची कोणालाही पाहता येते, म्हणून हे विज्ञानेश्वराला अपेक्षित असलेल्या उघडपणाचेच नवे रूप म्हणता येईल. फरक एवढाच की, गावाला घर ठाऊक होते. नोंदणी कार्यालयाला फक्त कागद ठाऊक असतो. दुय्यम निबंधक माणसाची ओळख आणि मुद्रांकाची रक्कम पाहतो. मजले मोजणे हे त्याचे काम नव्हे.

३

बांधकामाची परवानगी ही कल्पना सर्वसामान्यांच्या आयुष्यात ठळकपणे शिरली ती स्वातंत्र्यानंतर. ग्रामपंचायतींचा १९५८ चा, नगरपालिकांचा १९६५ चा, आणि १९६६ चे दोन कायदे, म्हणजे जमीन महसूल संहिता आणि प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, यांनी मिळून आजची चौकट उभी केली. शेती अकृषिक करून घ्या, अभिन्यास मंजूर करून घ्या, नकाशा मंजूर करून घ्या, मग बांधा, आणि बांधून झाल्यावर भोगवटा प्रमाणपत्र घ्या. तर्कशुद्ध अशी ही साखळी. परंतु प्रत्येक कडी वेगळ्या कचेरीत. त्यात १९४७ च्या तुकडेबंदी कायद्याने लहान तुकड्यांच्या विक्रीस अटकाव केलेला. नोकरीसाठी खेड्यातून तालुक्याला आलेल्या शिक्षकाला, एसटीच्या चालकाला किंवा आडत दुकानातील मुनिमाला परवडत होता तो नेमका हा लहान तुकडाच. शेतकऱ्याने गावालगतच्या शेतात चुना टाकून प्लॉट पाडले, याने एक घेतला, खोल्या बांधल्या, मुलाच्या लग्नाआधी वर मजला चढवला. गरज खरी होती, पैसे घामाचे होते आणि बांधकाम बेकायदा होते. ही तिन्ही विधाने एकाच वेळी खरी आहेत, हे लक्षात ठेवल्याशिवाय या विषयावर बोलू नये.

घर असे उभे राहिल्यावर मालक एकेक कागद गोळा करू लागतो. ग्रामपंचायतीचा नमुना आठ, नगरपालिकेची करपावती, वीजबिल, नळाची जोडणी, विदर्भात जिला आखीव पत्रिका म्हणतात ती भूमापनाची पत्रिका, आणि शेवटी नोंदवलेले खरेदीखत. यातील प्रत्येक कागद खरा असतो आणि प्रत्येक कागद वेगळीच गोष्ट सांगत असतो. करपावती सांगते की कर भरला. आखीव पत्रिका सांगते की या जागेवर अमुक नाव आहे. खरेदीखत सांगते की अमक्याने तमक्याला विकले. 'हे बांधकाम मंजूर नकाशाप्रमाणे आहे' असे यांतला एकही कागद सांगत नाही. कर घेणे म्हणजे बांधकाम मान्य करणे नव्हे, हे तत्त्व कायद्याने वेळोवेळी स्पष्ट केले आहे. पिंपरी-चिंचवडमध्ये अनधिकृत घरांवर वर्षानुवर्षे शास्तीकर आकारला गेला आणि २०२३ मध्ये तो माफ झाला. पण कर आकारल्याने घरे अधिकृत झाली नव्हती आणि माफ केल्यानेही झाली नाहीत. विक्रीच्या वेळी मात्र ही सारी चळत खरेदीदारापुढे ठेवून म्हटले जाते, 'कागद सगळे क्लिअर आहेत.' वाक्यातला 'सगळे' हा शब्द फसवा आहे.

४

शासनाने या वास्तवाला दोन प्रकारे प्रतिसाद दिला. पाडण्याच्या नोटिसा काढल्या आणि क्षमेचे कायदे केले. २००१ च्या गुंठेवारी अधिनियमाने १ जानेवारी २००१ पूर्वीचे भूखंड व घरे शुल्क घेऊन नियमाधीन करण्याची वाट उघडली. २०२१ मध्ये ती मर्यादा ३१ डिसेंबर २०२० पर्यंत पुढे नेण्यात आली. २०१७ मध्ये नगररचना अधिनियमात दुरुस्ती होऊन ३१ डिसेंबर २०१५ पर्यंतच्या काही बांधकामांना प्रशमन शुल्क भरून नियमित होण्याची मुभा मिळाली. २०२० च्या डिसेंबरात राज्याच्या बहुतेक भागासाठी एकच विकास नियंत्रण नियमावली आली आणि लहान भूखंडांवरील परवानगी पुष्कळ सोपी झाली. तुकड्यांच्या दस्तनोंदणीला रोखणारे जुलै २०२१ चे परिपत्रक मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने २०२२ मध्ये रद्द केले, आणि २०२५ मध्ये शासनाने निवासी क्षेत्रापुरती तुकडेबंदी शिथिल करण्याचा निर्णय जाहीर केला.

म्हणजे काही दोष काळाच्या ओघात माफ होतात. काही होत नाहीत. लोणार हे याचे बोलके उदाहरण. तेथील दैत्यसूदन मंदिर भर गावात आहे आणि ते केंद्रीय संरक्षित स्मारक आहे. १९९२ च्या अधिसूचनेने अशा स्मारकांभोवतीचे शंभर मीटर प्रतिबंधित आणि त्यापुढील दोनशे मीटर नियंत्रित ठरले. २०१० च्या दुरुस्तीने हे निर्बंध अधिक कडक केले. प्रतिबंधित कक्षेत परवानगी घेऊन जुन्या घराची दुरुस्ती करता येते, नवे बांधकाम नाही. अशा पट्ट्यातील घरावर कोणी मागाहून मजला चढवला असेल, तर गुंठेवारीचे शुल्क भरून तो दोष धुतला जाणार नाही. माफ होणारा दोष आणि माफ न होणारा दोष यांतला हा भेद विक्रेत्याला बहुधा ठाऊक असतो, कारण नोटीस त्याच्या हाती आलेली असते. खरेदीदाराला तो सांगितला जातो का, हा खरा प्रश्न.

५

येथे रोखीचा ग्राहक प्रवेश करतो. बँक कर्ज देण्यापूर्वी मंजूर नकाशा मागते, अकृषिक आदेश मागते, वकिलाचा शोध अहवाल मागते. त्यांतला एखादा कागद नसला की कर्ज अडते. मग अशा घराला गिऱ्हाईक उरते ते ज्याला कर्जाची गरज नाही असेच. मागणी आटली की किंमत उतरते. येथवर अनैतिक असे काही नाही. कोणी आपल्या बचतीतून, बँकेमार्फत पूर्ण रक्कम देऊन, दोष जाणून, कमी भावात घर घेत असेल, तर तो व्यवहार सर्वांत स्वच्छ म्हणावा लागेल. अडचण 'रोख' या शब्दाच्या दुसऱ्या अर्थापाशी सुरू होते.

उदाहरणादाखल कल्पना करू की, घर चाळीस लाखांना ठरले. खरेदीखतात शासनाच्या दरतक्त्यास जुळतील इतके पंचवीस लाख लिहिले आणि पंधरा लाख नोटांत दिले गेले. विक्रेत्याचा कर वाचला, खरेदीदाराचे मुद्रांक शुल्क वाचले, दोघे खूश. दोन वर्षांनी नोटीस येते की वरचा मजला पाडा. नोटीस येते ती नव्या मालकाला. घर दोषासकट त्याचे झालेले असते. तो विक्रेत्यावर दावा लावू पाहतो. कागदावर त्याने पंचवीस लाखच दिलेले आहेत. उरलेले पंधरा मागायचे, तर आपणच मुद्रांक बुडवल्याची कबुली द्यावी लागते. विक्रेत्याने दोष लपवला होता आणि दोघांनी मिळून किंमत लपवली होती. दुसऱ्या मौनाने पहिल्या मौनावर कुलूप घातले. याज्ञवल्क्याने गुप्तपणे व कमी किमतीत घेणाऱ्याविषयी जे म्हटले होते, त्याचा हा आधुनिक प्रत्यय.

कायद्याने या रोकडीवर उपाय केले आहेत. १ जून २०१५ पासून स्थावराच्या व्यवहारात वीस हजार वा त्याहून अधिक रक्कम रोखीने घेण्यास मनाई झाली. २०१७ मध्ये कोणत्याही एका व्यवहारात दोन लाख वा त्याहून अधिक रोख स्वीकारण्यास मनाई झाली. दंड घेणाऱ्यावर आणि घेतलेल्या रकमेइतकाच. म्हणजे अशा व्यवहारात विक्रेताही सुरक्षित नसतो. तरीही ही प्रथा मागे हटलेली दिसत नाही, कारण ती केवळ करचुकवेगिरी नाही. सदोष घराच्या बाजारात रोकड ही एक भाषा आहे. 'आपण कागदाच्या बाहेर बोलू' असे ती म्हणते.

६

हा प्रश्न लहान गावांचा किंवा गरिबांचाच आहे, असे समजण्याचे कारण नाही. मुंबईत वरळीच्या कॅम्पा कोला वसाहतीत १९८१ ते १९८९ या काळात इमारती उभ्या राहिल्या. परवानगी मोजक्या मजल्यांची होती. काही इमारती सतरा आणि वीस मजल्यांपर्यंत गेल्या. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१३ मध्ये वरचे मजले अवैध ठरवले. त्या नोव्हेंबरात पालिकेचे बुलडोझर दारात आले असता न्यायालयानेच ३१ मे २०१४ पर्यंत मुदत दिली आणि जून २०१४ मध्ये त्या सदनिकांचे गॅस, पाणी व वीज तोडण्यात आले. रहिवाशांचा आक्रोश साऱ्या देशाने दूरचित्रवाणीवर पाहिला. परंतु सुधारित नकाशे मंजूर नाहीत हे घेणाऱ्यांना ठाऊक होते, हा मुद्दा न्यायालयात त्यांच्या विरुद्ध गेला. जाणून घेतलेल्या जोखमीला सहानुभूती मिळते, हक्क मिळत नाही.

त्याच वर्षी, ४ एप्रिल २०१३ रोजी, ठाण्याजवळ शिळफाटा येथे उभारणी सुरू असलेली अनधिकृत इमारत कोसळून ७४ माणसे मृत्युमुखी पडली. नकाशा, सामासिक अंतर, मजल्यांची मर्यादा हे सारे कचेरीतले खेळ आहेत असे ज्यांना वाटते, त्यांनी हा आकडा स्मरणात ठेवावा. परवानगीविना बांधलेले प्रत्येक घर पडत नाही. पण त्याचा पाया, त्याचे लोखंड, त्यातील वाळू कोणी तपासलेली नसते. विकणाऱ्याने जे सांगितले नाही, त्याखाली दुसऱ्याचे मूल झोपते.

डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उत्तर प्रदेशातील एका प्रकरणाच्या निमित्ताने देशभरासाठी निर्देश दिले. पूर्णत्वाचा किंवा भोगवट्याचा दाखला पाहिल्याशिवाय बँकांनी इमारतीवर कर्ज देऊ नये. वीज, पाणी यांच्या जोडण्याही त्याशिवाय देऊ नयेत. हेतू निःसंशय योग्य आहे. परंतु त्याचा एक परिणाम असाही संभवतो की, दाखला नसलेली जुनी घरे कर्जाच्या कक्षेबाहेर आणखी दूर ढकलली जातील आणि त्यांचा बाजार सर्वस्वी रोखीच्या गिऱ्हाइकावर अवलंबून राहील. त्या बाजारात शेवटी घर घेतो तो बहुधा ज्याच्याकडे वकिलाला देण्यासारखे पैसे नाहीत असा माणूस. शेत विकून आलेली एकरकमी रोकड हीच त्याची आयुष्याची पुंजी असते.

यावर उपाय म्हणून आणखी एक क्षमेचा कायदा सुचवणे सोपे आहे. आम्हाला अधिक निकडीची वाटते ती एक लहान गोष्ट. अनधिकृत भाग असलेले घर विकणे हा स्वतः गुन्हा नाही. ते लपवून विकणे ही फसवणूक आहे. जे नियमाधीन होऊ शकते ते विक्रीपूर्वी शुल्क भरून करून घ्यावे. जे होऊ शकत नाही ते खरेदीखतातच लिहावे. तळमजला अमुक क्रमांकाच्या परवानगीने बांधला, पहिला मजला परवानगीविना बांधला, त्यावर अमुक तारखेची नोटीस आहे, हे लिहून घेणाऱ्यास समजावून सांगितले, त्यामुळे किंमत इतकी कमी ठरली आणि ती सर्व बँकेमार्फत मिळाली. चार ओळींचा हा मजकूर. तो लिहिल्याने किंमत उतरेल आणि नोटिशीची जोखीम लिहून घेणाऱ्याकडे राहीलच, पण ती त्याने जाणून घेतलेली असेल आणि लिहून देणाऱ्याला दोष लपवल्याच्या आरोपाचे भय धरून राहावे लागणार नाही.

साहित्याच्या विद्यार्थ्यांना आपण संहितेतील मौन वाचायला शिकवतो. कवितेतील गाळलेली जागा, कथेतील न उच्चारलेले नाव यांचा अर्थ लावायला सांगतो. एखाद्या तासाला वर्गात एखादे जुने आणि एखादे नवे खरेदीखत, नावे झाकून, शेजारी शेजारी ठेवून वाचावे. जुन्यात विकणारा आपली विपत्ती सांगतो, गाव साक्ष देते. नव्यात चतुःसीमा मिलिमीटरपर्यंत अचूक असतात आणि घराविषयी मात्र अवाक्षर नसते. ज्या विद्यार्थ्यांना पुढेमागे आपल्या आईवडिलांसोबत दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात बसावयाचे आहे, त्यांना 'निर्वेध' हा शब्द दिसताच 'कशापासून?' असे विचारता यावे, एवढे तरी आपण त्यांना शिकवू शकतो.